वाढत्या अंगाचं इंजिन

आमच्या घरात मापाचा सदरा कुणी घातला नाही. अण्णा थोरला. त्याच्यासाठी कापड घेतलं की वडील शिंप्याला बजावून सांगायचे, "वाढत्या अंगाचं शिवा." मग सदरा गुडघ्यापर्यंत यायचा आणि बाह्या दुमडून दुमडून कोपराशी वळकटी व्हायची. तो सदरा अण्णाच्या अंगाला नीट बसायला लागला, की नेमका तेव्हाच विरायचा आणि मग माझ्याकडं यायचा. म्हणजे अण्णा कायम तंबूत आणि मी कायम चिंध्यात. पुढं मी मोटारपंपाचं दुकान टाकलं ते याच संस्कारांच्या भांडवलावर.

हुलसूरला बसस्टँडच्या अलीकडं माझं दुकान आहे. शेतकरी येतो, विहिरीची खोली सांगतो, पाइप कुठवर न्यायचा ते सांगतो आणि विचारतो, "तीनची बसवू का पाचची?" मी हॉर्सपॉवरचा हिशेब केल्यासारखं छताकडं बघतो आणि म्हणतो, "पाचची घ्या. एक नंबर वरची असली की चिंता न्हाई." यात फसवणूक नाही. आमच्याकडं लाइट कधी पुऱ्या दाबानं येत नाही आणि पाणी दरसाल खाली जातं. लहान मोटार घेतलेला माणूस उन्हाळ्यात येऊन शिव्या देतो. मोठी घेतलेला कधी येत नाही, आला तर पाव्हण्याला घेऊन येतो. इतक्या वर्षांत मला एवढंच शास्त्र कळलं. आणि याच शास्त्राच्या जोरावर मी माझ्या भावाचं विमान पाडलं.

विमान म्हणजे लाकडाचं, खेळातलं. पण खेळातलं म्हटलेलं अण्णाला खपत नाही.

अण्णानं उभी हयात बिदरला सुतारकाम केलं. दारं, खिडक्या, दिवाण, लग्नातली कपाटं. त्याच्या कामाच्या शेडच्या पत्र्यावरनं हवाई दलाच्या तळावरची सरावाची विमानं जायची. विमान आलं की हातातला रंधा तिथंच थांबायचा. गिऱ्हाईक पुढं उभं असलं तरी अण्णाची मान वर. विमान दिसेनासं झालं की मगच पुढचा हात. गुडघे बोलायला लागले तसं काम आवरून तो गावाकडं शेतातल्या घरी आला आणि बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं करायला लागला. मोबाइलवर बघून बघून शिकला. एक बॅटरीवरचं थर्मोकोलचं विमान मागवून त्यावर रिमोटचा हातही बसवून घेतला. पण ते विकतचं. "त्यात माझं काय हाय?" म्हणायचा. "बॅटरी उडवायलीय, मी बघायलोय."

मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे होताच. आम्हाला कळला तेव्हा निम्मी नजर आवरून बसला होता. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही, राहिलंय ते सांभाळू. समोरचं दिसायचं, कडेचं जात चाललं होतं. हे मला समजावं म्हणून अण्णानं माझ्याच दुकानातली उपमा दिली. "तुझ्या चार इंची पाइपातनं बघितल्यावाणी दिसायचं बघ. आता अडीच इंची झालाय."

त्याच दिवशी तो म्हणाला, "दिसतंय तवर एक इंजिनाचं उडवायचं. माझ्या हातानं केलेलं, माझ्या हातानं उडवायचं. मग मिटले तर मिटू देत."

इंजिन कसलं हवं, हे त्यानं महिनाभर घोळवून पक्कं केलं होतं. बॅटरीची मोटार नको, कारण तिला आवाज नाही. "दिसलं न्हाई तर ऐकू तर आलं पायजे. आवाज कुठनं येतोय ते कळलं की मान तिकडं फिरवायची, मग पाइपात सापडतंय." म्हणून तेलावरचं इंजिन. आणि त्यातलं लहान, पंचवीस नंबरचं. हा नंबर म्हणजे सिलिंडरच्या पोटात किती मावतं त्याचं माप. विमानाचे पंख त्यानं पंचवीसच्या हिशेबानं कापलेले. "हळू उडाया पायजे. माझ्या डोळ्यापुढंच ऱ्हाया पायजे. घाईचं काम न्हाई."

अण्णाला एकट्याला हैदराबादला जाववत नव्हतं. म्हणून खरेदी माझ्याकडं आली. मी निघालो तेव्हा वैनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, ते सांगितलेत तेवढंच आणा. आपलं डोकं चालवू नका." माझ्या डोक्याची इतकी अचूक पारख घरात दुसऱ्या कुणालाच नाही.

इंजिनांचं दुकान हैदराबादच्या जुन्या बाजाराकडच्या गल्लीत, माडीवर. दुकानदारानं काचेच्या कपाटातून पंचवीस नंबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मूठ मिटली तर दिसेनासं झालं. मोटारी विकणाऱ्या माणसाला इतकी लहान मोटार बघून दया येते. मनात म्हटलं, एवढासा जीव, हा काय उडवणार? मधेच दम लागला तर? अण्णाचे डोळे असे, विमान कुठं बिकट जागी अडकलं तर ओढून काढायला अंगात जोर नको? त्याच्या शेजारीच शेहेचाळीस नंबर ठेवलेलं. जाडजूड, पंख्याचा दांडाही चांगला भक्कम. हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटलं.

"ये देव," मी म्हणालो.

"हवाई जहाज कित्ते नंबर का है?"

"पच्चीस का."

"फिर ये कायकू?"

"पावर हात में रहने देव. कम पे चलाएंगे."

दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. "हजरत, बकरी पे हाथी का हौदा रखरें आप."

मी हसलो. असल्या गिऱ्हाइकानं कसं हसायचं असतं ते मला माहीत आहे, मीच रोज तसलं गिऱ्हाईक घडवतो. त्यानं खांदे उडवले. "मर्जी आपकी. वापस नै लेता मैं."

बिदरच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळ्या वाटेनं मी अण्णाचा चेहरा रंगवत आलो. लहानपणी सगळं त्याला नवं आणि मोठं यायचं. आज पहिल्यांदा मी त्याच्यासाठी नवं आणि मोठं नेत होतो.

अण्णानं डबा हातात घेतला, उघडला नाही. नुसता वरखाली तोलला.

"हे पंचवीस न्हाई."

"एक नंबर वरचं आणलोय, अण्णा. कमी फिरव की. जोर शिल्लक ऱ्हातोय."

"एक नंबर?" अण्णा म्हणाला. "पंचवीस आणि शेहेचाळीसमधी एकच नंबर? शाळेत तू गेलतास, का नुसता माझा सदराच गेलता?"

वैनी आतनं म्हणाल्या, "मी सांगितलं व्हतं."

मग त्यानं मला समोर बसवून समजावलं, आणि ते ऐकताना मला माझं सगळं दुकान डोळ्यांपुढं उलटं टांगलेलं दिसायला लागलं. मोठं इंजिन म्हणजे जड इंजिन. नाक जड झालं की विमान नाकावर जातं. म्हणून शेपटीत वजन घालायचं. दोन्हीकडनं जड झालेलं विमान हळू उडूच शकत नाही, हळू झालं की पडतं. पडायचं नसेल तर पळायचं. विहिरीवरची मोठी मोटार कमी फिरवली तर विहीर काही पडत नाही. आकाशात तसं नसतं.

"उद्या जाऊन बदलून आणतो," मी म्हणालो.

"घेतो म्हणला का परत?"

"न्हाई. दुसरं घेतो की."

अण्णानं डबा उघडून इंजिनाचा दांडा अंगठ्यानं एकदा फिरवला. आत हवा दाबली गेल्याचा घट्ट, गुबगुबीत हुंकार आला. त्यानं आणखी एकदा फिरवला. त्यालाही मोह पडला असावा, असं मी स्वतःला सांगतो. आयुष्यभर मोठ्या मापाचं वागवलेला माणूस, असेल पडला. पण तो जे बोलला ते एवढंच: "आणलास ते आणलास. ही थंडी संपली की वारं सुटतंय. पुढच्या थंडीला पाइप किती इंची ऱ्हातोय, कुणाला ठाऊक."

मग त्यानं तयार विमानाचं नाक कापलं आणि जाड फळीचं नवं बसवलं. शेपटीत घालायला जड आणि लहान असं काही सापडेना. शेवटी बिदरच्या एका कारागिरानं कधीकाळी पेटीच्या बदल्यात दिलेल्या बिदरी सुरईचा तुटका गळा त्यानं ट्रंकेतनं काढला. काळ्या धातूवर चांदीची वेल. तो गळा कानशीनं घासून शेपटीत बसवला. घासताना तो माझ्याकडं बघत नव्हता. बघत असता तरी मी त्याच्या पाइपात नव्हतो, असं म्हणून मी सुटलो.

नवं इंजिन आधी पाटावर आवळून चालवून घ्यावं लागतं, म्हणजे आतले भाग एकमेकांना रुळतात. त्याच्या तेलात एरंडेल असतं. ते जळायला लागलं तसा आम्हा दोघांच्या नाकात बालपणीचा रविवार शिरला, जुलाबाचा. "ह्याला तरी लागू पडू दे," अण्णा म्हणाला आणि पंख्याला झटका दिला. इंजिन असं ओरडलं, की शेजारच्या रानातला धनगर मेंढरं सोडून बघायला आला. "मळणी चालू केलाव का काय?" त्यानं विचारलं. तूर अजून रानात उभी होती. आम्ही तिघंही हसलो. त्या सगळ्या प्रकरणात मन भरून हसलो ते तेवढंच.

उडवायला आम्ही गावाच्या वरच्या माळावर गेलो. बिदरकडं तळाजवळ असलं काही उडवायला मनाई, इथं कोण विचारतंय. सकाळची थंडी, वारं अजिबात नाही, तिन्ही बाजूंना तुरीची पिवळीकाळी रानं. विमान वरनं पिवळं आणि खालनं काळं केलेलं, उलटं झालं तर अण्णाला कळावं म्हणून. वैनी बांधावर बसल्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांची पिशवी मांडीवर घेऊन. अण्णा रिमोट गळ्यात अडकवून उभा राहिला. मी पंख्याला झटका दिला आणि पळत बाजूला झालो.

विमान धावलं आणि आम्हाला वाटलं त्याच्या आधीच सुटलं. सरळ वर. अण्णाचं तोंड उघडं पडलं, लहान पोरासारखं. पिवळं विमान निळ्यात लखलखलं आणि अण्णा म्हणाला, "गेलं गं! बघ, गेलं!" हे तो वैनीला म्हणाला. वैनी उठून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, बघा, एक नंबर वरचं.

पहिलं वळण झालं. अण्णानं जोर कमी केला. विमानाचं नाक तिथंच खाली झुकलं. त्यानं घाईनं जोर वाढवला. विमान सावरलं, पण आता ते पळत होतं. आमच्या डोक्यावरनं सूं करून गेलं आणि अण्णाची मान त्याच्या मागं फिरली, पण मान विमानाइतकी पळत नाही.

"कुठाय?"

"तिकडं! तिकडं, अण्णा!" मी बोट दाखवलं.

"बोट दावू नको. बोट दिसायलंय, विमान दिसंना."

"तुरीच्या अंगाला! वर घे! उजवीकडं घे!"

"कुणाच्या उजवीकडं? चूप बस जरा. ऐकू दे."

त्यानं डोळे मिटले. खरंच मिटले, आणि कान आवाजाकडं केला. यासाठीच तर त्यानं आवाजाचं इंजिन निवडलं होतं. महिनाभर विचार करून निवडलेली ती एवढी एकच गोष्ट माझ्या हातून वाचली होती. पण मी चूप बसणाऱ्यातला नव्हे. मला विमान दिसत होतं ना! ज्याला दिसतं तो ओरडतो. "वर! वर! अण्णा, वर!" मी माझ्या आवाजानं ते सगळं माळरान भरून टाकलं.

मग इंजिनाचा आवाज एकदम थांबला. आणि पाठोपाठ तुरीत काहीतरी कोरडं मोडल्याचा आवाज आला.

शोधायला वेळ लागला नाही. एरंडेलाच्या वासावर गेलो. पंखाचे दोन्ही भाग तुरीच्या झाडांवर अडकलेले, अंगाची कांडं कांडं झालेली. नाक मातीत रुतलं होतं. अण्णा उकिडवा बसला, चाचपून एकेक काडी बाजूला केली आणि इंजिन उपटून काढलं. सदऱ्याच्या टोकानं पुसलं. दांडा अंगठ्यानं फिरवला. तोच हुंकार.

"ह्याला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "धर." आणि ते माझ्या हातात दिलं. तापलेलं होतं. मी टाकलं नाही. हाताला फोड आले ते मी पुढं दोनतीन दिवस दुकानात उगाच लोकांना दिसतील असे वागवले. तेवढीच माझी हौस.

वैनी जवळ आल्या. त्यांनी तुकडे ओच्यात गोळा केले. "सुरईचा गळा घावला का?" अण्णानं विचारलं. आम्ही तुरीत वाकून वाकून शोधलं. शेपटी सापडली, पण तिच्यातला तो धातू निसटून कुठं मातीत गेला होता. सापडला नाही. परत येताना मोटारसायकलवर मागनं अण्णा एकदाच बोलला. "तुला दिसत होतं न्हवं रे?"

"व्हय."

"कसं दिसत होतं? चांगलं उडत होतं?"

मी म्हणालो, "झ्याक." त्यात खोटं नव्हतं. वेगानं जाणारी वस्तू लांबनं बघितली तर झ्याकच दिसते.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पाइप अडीच इंची राहिला नव्हता. अण्णानं मला नवं माप सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानं बाल्साची उरलेली लाकडं चुलीशेजारी नेऊन ठेवली. वैनींनी ती जाळली नाहीत, पण तिथून हलवलीही नाहीत.

पाऊसकाळात मी कुणाला न सांगता हैदराबादला गेलो आणि पंचवीस नंबर घेऊन आलो. दुकानदारानं मला ओळखलं. "अब आपकू छोटा होना?" एवढंच म्हणाला. अण्णाच्या तळहातावर ठेवलं तर त्यानं मूठ मिटली. मुठीत मावलं. बराच वेळ मूठ तशीच होती.

"आता मापाचं आणलास," तो म्हणाला. "आता अंगच ऱ्हायलं न्हाई."

मग दोन्ही इंजिनं मलाच परत दिली. "दुकानात ठेव. तुझा धंदा हाय."

ती माझ्या काचेच्या कपाटात आहेत, व्हॉल्व्हांच्या आणि वायसरांच्या मधी. लोकांना वाटतं फवारणीच्या पंपाचे भाग आहेत. अण्णा दुपारचा दुकानात येऊन बसतो; घरी नुसतं बसवत नाही आणि तो घरी असला की वैनींना काम होत नाही. कुणी कपाटाकडं बोट करून विचारलंच, "हे किती ताकदीचं?" तर माझ्या आधी खुर्चीतनं उत्तर येतं, "त्याला इचारू नका. त्यो मोठंच सांगतोय."

परवा एक शेतकरी आला. विहीर उथळ, रान विहिरीलगत, सोलरची लाइट दिवसभर पुऱ्या दाबाची. "तीनची बसवू का पाचची?" त्यानं विचारलं. मी छताकडं बघितलं. तोंडात पाचची आली होती. खुर्चीत अण्णा भिंतीकडं तोंड करून बसला होता, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "तीनची बास होतीय. उगं मोठी कशाला?"

शेतकऱ्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं. दुकानदार लहान घ्या म्हणतो म्हणजे मोठी शिल्लक नसणार, नाहीतर लहानमधी काहीतरी खोट असणार. "बघून येतो," म्हणाला आणि निघाला.

थोड्या वेळानं अण्णानं विचारलं, "घेतला का?"

"घेतला की," मी म्हणालो. "तीनचीच."

"खोटं कामून बोलायलास? चपला रस्ता वलांडून समोरच्या दुकानात गेल्या."

समोरच्या दुकानात शेतकरी ओट्यावर टेकला होता आणि तिथला मालक छताकडं बघत होता.

"पाचची सांगायची होतीस की," अण्णा म्हणाला. "विहीर कुठं उडणार होती?"